गाडीने आलेली मते

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडचे मतदान ७ मे रोजी झाले आणि मुंबई-पालघरचे २० मे रोजी. २०१९ ला रायगड २३ एप्रिल, मुंबई २९ एप्रिल. दोन्ही वेळा दिवस सुट्टीचे आणि आंब्याचे, मुंबईकर मंडळी गावाला आलेली. ज्यांची नावे म्हसळ्याच्या यादीतही आहेत आणि नालासोपाऱ्याच्या यादीतही, त्यांना दोन्हीकडे मत द्यायला सवड भरपूर होती. आड येत होती ती नखावरची शाई, जी काही आठवडे हटत नाही. किती जणांनी तरीही दोनदा बटण दाबले हे सांगण्याचा दावा करणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ज्याचे घर दोन ठिकाणी आहे त्याने आपले एकच मत कुठे द्यायचे, हे कोण ठरवतो? कायदा म्हणतो, तो राहतो ते ठिकाण ठरवते. रायगडच्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा ते ठरवतो गाडी पाठवणारा.

२०२५ च्या अखेरीस महाराष्ट्रात 'दुबार मतदार' हा शब्द घरोघर पोचला. १ नोव्हेंबरला विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला, आणि राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांच्या यादीत संशयित नावांपुढे दोन तारे छापण्याचे ठरवले. तारा लागला की माणूस चोर, अशी चर्चा चावडीवर सुरू झाली. प्रत्यक्षात गावची यादी घेऊन एखाद्या जाणत्या अंगणवाडी सेविकेबरोबर बसा. बीएलओचे, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्याचे, काम बहुतेक वेळा तिच्याच किंवा शाळेतल्या गुरुजींच्या गळ्यात पडलेले असते. ती बोट ठेवून सांगते: ही लग्न होऊन रोह्याला गेली, तिकडे सासरच्या नावाने आहे, इकडे माहेरच्या नावाने राहिली. हा बाबा वारला, पण मुलांनी नाव काढायचा सात नंबरचा फॉर्म कोणी भरायचा म्हणून सोडून दिले. आणि हे पुढचे सगळे घर मुंबईला, गणपतीला येतात, शिमग्याला येतात, निवडणुकीला येतात.

लेकींची नावे हा यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत निरुपद्रवी भाग असावा असा माझा कयास आहे. नाव, आडनाव, गाव सगळे बदललेले. संगणकाला ती दोन बायका वाटते आणि शेजाऱ्यांना एकच. बायकांच्या नावाशी आपल्या याद्यांचे जुने वाकडे आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगणाऱ्या स्त्रियांची सुमारे अठ्ठावीस लाख नावे देशभरात यादीतून गाळावी लागली होती.

याद्या अशा फुगलेल्या असल्या की टक्केवारीचेही काही खरे राहत नाही. रायगडात २०२४ ला साठ टक्क्यांच्या थोडे वर मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी मतदारांच्या उदासीनतेवर रडगाणे सुरू झाले. त्याच वर्षी ४ जुलैला ब्रिटनमध्ये साठ टक्क्यांच्या जरा खाली मतदान झाले, तिथेही तेच रडगाणे. आकडे जवळजवळ सारखे, आजार मात्र उलटे. ब्रिटनमध्ये यादीत नसलेल्या किंवा चुकीच्या पत्त्यावर नोंदलेल्या पात्र मतदारांची संख्या सत्तर-ऐंशी लाखांच्या घरात असल्याचे तिथल्या निवडणूक आयोगाचाच अंदाज सांगतो. भाड्याच्या खोल्या बदलणारे तरुण त्यात सर्वांत जास्त. म्हणजे सगळे प्रौढ धरले तर खरे मतदान निम्म्याच्या आसपास येते. आपल्याकडे यादीत आहेत ते लोक गावात नाहीत. पोलादपूर-म्हसळा बाजूच्या एखाद्या डोंगराकडेच्या वाडीत त्या दिवशी चुलीजवळ असलेला प्रत्येक माणूस मत देऊन आला, तरी कागदावर पंचावन्न टक्केच दिसतील. त्या वाडीला उदासीन म्हणणे हा अन्याय आहे.

उरलेले पंचेचाळीस टक्के मुंबई, ठाणे, दिवा, विरार इथे असतात, आणि त्यांच्यासाठी गाड्या सुटतात.

विधानसभा-लोकसभेला थोड्या, ग्रामपंचायतीला पुष्कळ. थेट जनतेतून सरपंच निवडायला लागल्यापासून त्या आणखी वाढल्या. ग्रामपंचायतीचे मतदान बहुधा रविवारी येते. १८ डिसेंबर २०२२ हाही रविवारच होता, आणि त्या दिवशी राज्यातल्या साडेसात हजारांवर ग्रामपंचायतींचे मतदान ठेवलेले होते. अशा रविवारच्या आदल्या रात्री माणगावच्या नाक्यावर उभे राहावे. पहाटे तीन-चारला खासगी बसगाड्या चहाला थांबतात. काचेवर वाडीचे नाव. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर गावच्या मुंबई मंडळाचा एक कार्यकर्ता, त्याच्या हातात यादीची झेरॉक्स, नावापुढे मोबाइल नंबर आणि पेनाची खूण. कोण चढला, कोण आजारी म्हणून राहिला, कोणाला नाइट पाळीतून सुट्टी मिळाली नाही, सगळे त्याला पाठ. गावात शाळेच्या पडवीत बूथ, हद्दीबाहेर दोन्ही पॅनेलची टेबले, पोह्यांची पातेली. दुपारी मटण-भाकरी. दिवेलागणीला गाडी परत, कारण सोमवारी आठची लोकल गाठायची असते.

या सगळ्यात पैशापेक्षा मला खटकते ती एक साधी विचारणा. गावात उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न 'कसा आहेस' नसतो. 'कोणाच्या गाडीने आलास' हा असतो. गुप्त मतदान तिथेच संपले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बटण दाबण्याचा सोपस्कार तेवढा राहतो. स्वतःच्या खर्चाने एसटीने येणारा एखादा असतो, पण बायको, म्हातारी आई आणि दोन मुलगे मिळून पाच मते असली की येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेला रोज त्याला परवडत नाही. तो पॅनेलच्या गाडीत बसतो. बसला की खूण पडली.

हे किरकोळ वाटत असेल तर २०१४ ची रायगडची लोकसभा आठवा. अनंत गीते सुनील तटकरे यांच्यावर निवडून आले ते २,११० मतांनी. त्या निवडणुकीत 'सुनील तटकरे' याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला नऊ हजारांहून जास्त मते पडली, म्हणून चर्चा सगळी त्या नामसाधर्म्याची झाली, आणि ती गमतीदार होतीच. पण २,११० हा आकडा पन्नास सीटच्या बसगाड्यांत मोजला तर बेचाळीस-त्रेचाळीस गाड्या होतात. एका तालुक्याच्या ग्रामपंचायतींना याहून जास्त गाड्या सुटत असतील.

कायद्याला हे माहीत नाही असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(५) नुसार उमेदवाराने मतदारांना बूथवर आणण्या-नेण्यासाठी वाहन भाड्याने घेणे हा भ्रष्टाचार आहे. निवडणूक रद्द होऊ शकते. ग्रामपंचायतीचा कायदा वेगळा, पण दंडक तोच असायला हवा हे कोणीही मान्य करील. मतदारांनी आपापसांत वर्गणी काढून वाहन केले तर चालते, असे याच कलमात म्हटले आहे. मात्र ते वाहन किंवा ती नाव यंत्राने चालणारी नसावी. म्हणजे श्रीवर्धनच्या मतदारांनी बैलगाडीने किंवा शिडाच्या होडीने भाऊच्या धक्क्यावरून यावे. लक्झरी बस केली की कलम लागू.

ही अट आकाशातून पडलेली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात मत मालमत्तेला होते आणि ज्याची मालमत्ता चार परगण्यांत त्याला चारही ठिकाणी मत. मतदान आठवडेच्या आठवडे चाले, त्यामुळे आगगाडीने फिरून एकच सद्‌गृहस्थ अनेक ठिकाणी हजेरी लावू शके. या 'बाहेरच्या' मतदारांना आणण्याचा खर्च उमेदवारांना कर्जबाजारी करी. १८७२ ला तिथे गुप्त मतदान आले, आणि १८८३ च्या कायद्याने मतदारांच्या वाहतुकीवर पैसे खर्च करायला बंदी घातली. पळवाट राहिलीच: मित्राने स्वतःची बग्गी फुकट दिली तर चालत असे, आणि बग्ग्या कोणत्या पक्षाच्या मित्रांकडे जास्त होत्या हे वेगळे सांगायला नको. १९१८ ला सगळीकडे एकाच दिवशी मतदान सुरू झाले. जास्तीचे मत मात्र १९४८ च्या कायद्यानेच पुरते गेले.

या इतिहासातली एक गोष्ट आपण उचलली नाही. दुसरे मत काढून घेत असताना ब्रिटनने पहिले मत माणसाच्या हातापर्यंत पोचवायची सोयही वाढवत नेली. नोकरीधंद्यामुळे हजर राहू न शकणाऱ्यांसाठी १९१८ पासून वेगळी यादी; १९४८ ला टपाली मताची मुभा सैन्याबाहेरच्या लोकांनाही; २००० च्या कायद्यानंतर कारण न सांगता कोणालाही. आपण पहिला अर्धा भाग घेतला. दुबार नावाला मनाई आहे, खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत कैद आहे, दोन तारे आहेत. दुसऱ्या अर्ध्या भागात आपल्याकडे जवान, निवडणूक कर्मचारी, पंच्याऐंशीच्या पुढचे वृद्ध, अपंग असे मोजकेच गट येतात. मालवाहू बोटीवरचा मुरूडचा खलाशी येत नाही. रायगडात असा खलाशी नसलेले गाव दाखवावे लागेल.

'मग मुंबईकराने मुंबईतच नाव घालावे, गावात लुडबुड कशाला?' हा आक्षेप मी हलका मानत नाही. गावात राहणाऱ्या बायका मार्चपासून टँकरची वाट बघतात. रस्ता खचला की आजारी माणसाला डोलीतून उतरवायचे काम गावातल्याच चार पोरांचे. आणि सरपंच ठरवणार तो, जो रविवारी सकाळी येऊन संध्याकाळी जातो? ज्या गावात मतदार आठशे आणि राहणारे साडेतीनशे, तिथे राहणाऱ्यांचे बहुमत कधीच होऊ शकत नाही. १९५० च्या कायद्यातले 'सर्वसाधारण रहिवासी' हे शब्द याच माणसाच्या बाजूचे आहेत. कलम २० म्हणते, केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही.

पण तेच कलम पुढे म्हणते की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवासी म्हणून संपत नाही. आता सांगा, गिरणीत चाळीस वर्षे काढून म्हातारपणी गावी परतलेला माणूस किती वर्षे तात्पुरता बाहेर होता? गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. पाळीप्रमाणे पथाऱ्या टाकून माणसे झोपायची, बायका-मुले गावात, मनीऑर्डर गावात, मरणही गावात. त्या माणसाचे 'सर्वसाधारण' राहणे कुठे मोजायचे? आज खोल्या गेल्या, दिवा-विरारला वन रूम किचन आले, बायको-मुलेही तिकडे गेली. पण शेतीचा तुकडा, म्हातारी आई, गावकीतली पाळी गावातच राहिली. अशा माणसाला एकाच ठिकाणचा म्हणणे ही कायद्याची गरज आहे, त्याच्या आयुष्याची वस्तुस्थिती नाही. बिहारमध्ये २०२५ ला मतदारयादीच्या फेरतपासणीत पहिल्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त 'स्थलांतरित किंवा न सापडलेली' होती. उद्या आपल्याकडे हीच फूटपट्टी लागली तर किनाऱ्यावरच्या वाड्या अर्ध्या होतील, आणि ज्यांची नावे जातील त्यांची मुंबईत नोंद होईलच याची हमी कोण देणार?

म्हणून माझे म्हणणे असे. एक माणूस, एक मत, यात तडजोड नको. मात्र ते मत कुठे द्यायचे हे माणसाने स्वतः, उघडपणे, लेखी ठरवावे, आणि त्याची किंमत मोजावी. गाव निवडले तर मुंबईच्या नगरसेवकावर, तिथल्या गटारावर आणि पाण्यावर हक्क सोडावा लागेल. आज दोन्हीकडे नाव फुकट मिळते, म्हणून ते ठेवले जाते. किंमत लागली की पुष्कळ जण मुंबई निवडतील आणि यादी आपोआप बारीक होईल. जे तरीही गाव निवडतील त्यांना लुडबुडे म्हणण्याचा अधिकार कोणाला राहणार नाही. आणि ज्याने गाव निवडले त्याचे मत दादर किंवा विरारच्या बूथवर घेतले जावे. बसने फिरायचे ते मतपत्रिकेने.

टपालाने नको, हे मी मुद्दाम सांगतो. २००४ ला बर्मिंगहॅममध्ये स्थानिक निवडणुकीत टपाली मतांची चोरी उघडकीस आली, आणि पुढच्या वर्षी तिथल्या न्यायाधीशाने अशा गैरव्यवहाराची बनाना रिपब्लिकलाही लाज वाटेल असे ताशेरे ओढले. आपल्याकडे मंडळाच्या सभेत अध्यक्षांसमोर पन्नास पाकिटे एका पेनाने भरली जातील. गाडीतली खूण निदान बटणापाशी तरी थांबते. बूथ हवा, अधिकारी हवा, आडोसा हवा. हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी काश्मीरकडे पाहावे. खोऱ्यातून विस्थापित झालेले मतदार कितीतरी निवडणुका जम्मू, उधमपूर आणि दिल्लीतल्या खास बूथवरून श्रीनगर-बारामुल्लासाठी मत देत आले आहेत. निवडणूक आयोगाने तर डिसेंबर २०२२ मध्ये बहात्तर मतदारसंघांचे मतदान एकाच जागी घेऊ शकणाऱ्या यंत्राचा नमुना जाहीर केला होता. जानेवारी २०२३ च्या बैठकीत विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या, प्रात्यक्षिकही झाले नाही, आणि विषय फडताळात गेला. हरकती सगळ्याच पोकळ नव्हत्या: दूरच्या बूथवर पोलिंग एजंट कोण बसवणार, आचारसंहिता कुठली. पण गाड्या पाठवणाऱ्या एकाही पक्षाला त्या वेळी मनापासून वाईट वाटले असेल असे मला वाटत नाही.

आता अलिबागचा प्रश्न. मुंबईकराला गाव निवडू द्यायचे, तर किहीम-आवास-थळला बंगले बांधलेल्या मुंबईकरालाही का नाही? मांडव्याला लाँचने किंवा रो-रोने तासाभरात पोचणारा, शनिवार-रविवार राहणारा, घरपट्टी भरणारा हा माणूस छोट्या ग्रामपंचायतीचे गणित सहज बदलू शकेल. वेल्स आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यांवर सुट्टीच्या घरांमुळे हीच तक्रार आहे. तिथला निवडणूक आयोग सांगतो की निव्वळ विरंगुळ्याचे घर मतासाठी पुरत नाही. परदेशी राहणाऱ्या ब्रिटिशांसाठी त्यांनी वापरलेला नियम मला इथे उपयोगी वाटतो. २०२२ च्या कायद्याने पंधरा वर्षांची मर्यादा काढली, आणि मत कुठे, तर माणसाचे शेवटचे नाव किंवा राहणे जिथे होते तिथे. म्हणजे हक्क मागे जातो, जिथून माणूस निघाला तिथे. जिथे त्याने नंतर जागा घेतली तिथे नाही. म्हसळ्याहून नालासोपाऱ्याला गेलेल्याला म्हसळा निवडता येईल. मलबार हिलहून किहीमला शनिवारी येणाऱ्याला किहीम निवडता येणार नाही, तो तिथे खरोखर राहायला येईपर्यंत.

याच नियमाने आखातातल्या लोकांचाही विचार व्हावा. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या किती मुसलमान घरांतला कर्ता माणूस कुवेत-दुबईला असतो. २०१० च्या दुरुस्तीने त्याला पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव घालता येते, पण मत द्यायला स्वतः यावे लागते. २०२४ ला देशभरात असे सुमारे १ लाख १९ हजार मतदार नोंदलेले होते. आले तीन हजारही नाहीत, आणि आले ते बहुतेक केरळचे. त्या केरळातही मतदारांसाठी विमाने ठरवल्याच्या बातम्या होत्या. माणगावच्या नाक्यावरची बस, फक्त पंखांची. उलट अलिबागचा एखादा विद्यार्थी व्हिसावर लेस्टरला गेला, तर राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून तो तिथल्या पार्लमेंटसाठी मत देऊ शकतो. १८९२ ला दादाभाई नौरोजी फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले, त्या साम्राज्याच्या काळाचा हा उरलेला धागा. लेस्टरचा खासदार निवडू शकणारा तो मुलगा आपल्या गावचा सरपंच निवडायचा तर विमानाचे तिकीट काढतो.

माझ्या नियमाने सर्वांत जास्त चिडेल तो परळला किंवा विरारला जन्मलेला मुलगा. त्याचे नाव गावच्या यादीत कधीच नव्हते किंवा वडिलांनी अठराव्या वर्षी घातले, गावात तो सलग महिनाभरही राहिलेला नाही, पण मंडळात सर्वांत उत्साही तोच. त्याला गावचे मत मिळणार नाही. तो विचारतो, मग पालखीची वर्गणी, देवळाच्या छपराची वर्गणी, शाळेच्या संगणकाची वर्गणी आमच्याकडून का मागता? प्रश्न बिनतोड आहे असे त्याला वाटते. पण पैसा देतो म्हणून मत, हे याच जिल्ह्याने भोगलेले आहे. १९३५ च्या कायद्याखाली सारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटींतून ब्रिटिश हिंदुस्थानातल्या साधारण सातव्या हिश्शालाच मत मिळाले. त्याच वर्षांत चरीचे शेतकरी संपावर होते, आणि १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षाचे सुरेंद्रनाथ टिपणीस कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, निवडून गेले ते अशाच आखडत्या यादीवर. सगळ्या प्रौढांना मत हवे हे बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे १९२८ लाच मांडले होते. वर्गणीची पावती म्हणजे मतदार ओळखपत्र नाही. ती द्यायची की नाही हे त्या मुलाने खुशाल ठरवावे. ग्रामसभेला येऊन हिशेब मागावा, बोलावे, भांडावेही. हात वर करायचा तो मात्र तिथे राहणाऱ्याने, आणि तिथून निघून गेलेल्याने.